‘विकास’ आणि त्याची भावंडे



वसंत ऋतूत बोलावयाचे म्हणून आम्ही विषयही वसंताला शोभेलसा घेतला आहे. ‘विकास’ हा शब्द मुळात फुलाचा. विकसणे म्हणजे उमलणे. कमळ विकसते ते आपले आपण, आतून, आणि आपल्याच वेळी. कोणी उठून पाकळ्या ओढू लागला तर कमळ विकसत नाही, फाटते.

हाच शब्द आज कोठे कोठे फिरतो पाहा. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली. पुढे १९६२ साली महाराष्ट्रात पंचायत समित्या आल्या आणि गट विकास अधिकारी हे नाव खेडोपाडी पोहोचले. आता शहरात जुना वाडा पाडून इमारत बांधणारा गृहस्थही ‘विकासक’ झाला आहे. त्याच्या हातून वाड्याचा ‘पुनर्विकास’ होतो. एकदा उमललेले फूल पुन्हा उमलल्याचे आम्ही कोठे पाहिले नाही; पण ते असो.

या प्रवासात व्याकरणाची एक गंमत झाली. फूल विकसते तेव्हा कर्ता फूलच असते. ‘जमीन विकसित केली’ या वाक्यात मात्र जमीन कर्म झाली. आणि ‘भागाचा विकास झाला’ असे म्हटले, की करणारा पडद्याआड जातो. कोणी केला, कोणाला विचारून केला, हे प्रश्नच त्या वाक्यात उभे राहत नाहीत.

‘सुधारणा’ या शब्दात अशी पळवाट नव्हती. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला, तेव्हा त्या नावातच वाचकाला आव्हान होते. सुधारावयाचे म्हणजे आधी काही बिघडले आहे हे कबूल करणे आले. म्हणून लोक चिडले, भांडले. ‘विकास’ कोणाला बोचत नाही. आमच्या मते हेच त्याच्या लोकप्रियतेचे कारण, आणि दोषही तोच.

आता ‘उत्क्रांती’कडे वळू. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. क्रम, क्रांती, संक्रांत ही सारी त्याचीच लेकरे. ज्योतिषातले क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याची वाट; तेथे कोणाचे सिंहासन उलथत नाही. वेदान्तात उत्क्रांती म्हणजे प्राणाने देह सोडून जाणे. तो शब्द आपण जीवसृष्टीतील बदलासाठी घेतला. बंगाल्यांनी ‘विवर्तन’ घेतले. ते ‘विवर्ता’च्या कुळातले, आणि अद्वैत्यांच्या लेखी विवर्त म्हणजे दोरीवर भासणारा साप, बदलाचा नुसता भास! दुधाचे दही होते तसा खरा बदल दाखवायला सांख्यांकडे ‘परिणाम’ हा नेमका शब्द होता. पण मराठीने त्याला भलत्याच कामाला जुंपले. आपल्याकडे परिणाम होतो तो औषधाचा किंवा उपदेशाचा, दुसऱ्याचा बहुधा होत नाही.

आमची तक्रार ‘उत्’ या उपसर्गाबद्दल आहे. त्याने मन उगीच वर पाहू लागते. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम नाही. ते त्याने १८७१ च्या पुस्तकात वापरले. आधी तो फेरबदलासह चालणाऱ्या वंशपरंपरेविषयी बोलत असे. त्यात वर-खाली नव्हते. अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या गेले, तीही उत्क्रांतीच.

आमच्या घरच्या बायकांना यासाठी ग्रंथ लागले नाहीत. लोणचे मुरते, दूध विरजते, आंबा अढीत पिकतो, चंद्र कलेकलेने वाढतो. प्रत्येक पदार्थाच्या बदलाला वेगळे क्रियापद, आणि प्रत्येकाचा काळ वेगळा. त्याच बायका बांगडी फुटली की ‘वाढली’ म्हणतात, आणि देवापुढे नारळ ‘वाढवतात’. अशुभ झाकायला वाढीचा शब्द वापरण्याची खोड जुनीच म्हणायची.

ही थट्टा नव्हे. १९२१ साली मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांच्या मागे धरणाविरुद्ध उभे राहिले, ते पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी. पुढे कोयना झाली, आणखी धरणे झाली. वीज आली, उसाला पाणी आले, हे आम्ही नाकारीत नाही. या मंडपातला दिवाही विजेचाच आहे. पण ज्यांची गावे बुडाली त्यांना नाव मिळाले ‘धरणग्रस्त’. ग्रस्त हा ग्रहणाचा शब्द. पंचांगात ग्रहणाचा स्पर्श लिहिलेला असतो, तसा मोक्षही घटका-पळांनिशी लिहिलेला असतो. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली. मुळशीच्या सत्याग्रहाला तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती.

एका गावच्या सभेला आम्ही गेलो होतो. तलाव व्हायचा होता. अधिकाऱ्यांनी तासभर विकास समजावून सांगितला. शेवटी मागे बसलेला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, “साहेब, इकास येतोय ते कळलं. तो आल्यावर आमी ऱ्हायाचं कुठं, तेवढं सांगा.”

साहेबांनी कागद चाळले, आणि ते काम दुसऱ्या खात्याकडे असल्याचे सांगितले.