वृद्धसेवेचा धडा घरातच
(कोंडाणे येथे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



येथील लेण्यात एक छोटा शिलालेख आहे. कान्ह याचा शिष्य बालक याने हे काम केले, असे तो सांगतो. शिष्यासाठी त्यात ‘अंतेवासी’ हा शब्द आहे. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. वैद्यकीय शिक्षणाबद्दल बोलताना आम्हाला हाच शब्द आठवतो. कारण म्हातारपण नुसत्या पुस्तकातून कळत नाही, म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे लागते.

१९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी प्रथम तेथे शिबिरात राहतात आणि नंतर वेळोवेळी त्याच कुटुंबांकडे जातात. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम देशभरच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात आणला आहे.

घरभेटीने काय साधते? आमचाच अनुभव सांगतो. एका आजींचा रक्तदाब काही केल्या उतरेना. ‘गोळ्या नीट घेत नाही,’ म्हणून आम्ही त्यांना रागावलो. पुढे त्यांच्या घरी गेलो. लघवी वाढवणारी गोळी त्या रात्री जेवणानंतर घेत. संडास परसात, वाट निसरडी, दिवा नाही. पावसाळ्यात एकदा पडल्यापासून त्यांनी ती गोळीच सोडली होती. आजी हट्टी नव्हत्या, शहाण्या होत्या, चुकलो आम्ही. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घ्यायची ठरली, मुलाने वाटेवर दिवा लावला आणि हाताशी दोर बांधला. त्यानंतर गोळी चुकली नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनो, घरी गेलात की आधी चहा घ्या, मग नाडी बघा. गोळ्यांचा डबा उघडून मागा. आजोबा हाताचा आधार न घेता उठतात का, चार पावले चालून वळताना तोल जातो का, ते पाहा. रक्तदाब बसून आणि उभे राहूनही मोजा. डोळे, कान, दात, पायाची नखे विसरू नका. जेवायला सोबत कोण असते, हेही विचारा. आणि ‘पुन्हा येतो’ म्हणालात तर खरोखर जा. ती माणसे दाराकडे डोळे लावून बसतात.

सभासदांना एकच विनंती. आपल्या आळीतील एकट्या वृद्धांची यादी करा आणि विद्यार्थ्यांना त्या दारापर्यंत न्या. पुढचे शिकवायला आजी-आजोबा समर्थ आहेत.

 जय भीम!