परमुलखातून आलेल्या गोचिडीची ओळख



खेड्यातील मुलाला गोचीड म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. गाईच्या कासेला, म्हशीच्या कानामागे, कुत्र्याच्या मानेला चिकटलेली गोचीड त्याने पाहिलेली असते. तथापि ‘गोचीड’ या एकाच नावाखाली किती निरनिराळे जीव मोडतात, याची कल्पना पुष्कळ वेळा मोठ्या माणसांनाही नसते. जगात गोचिडींच्या सुमारे ९०० जाती ज्ञात आहेत. प्रत्येक जातीचा मुलूख निराळा, ती ज्यावर पोसते तो प्राणी निराळा आणि तिच्यामार्फत पसरणारा रोगही बहुधा निराळा. एका मुलखातील जात दुसऱ्या मुलखात पोहोचली आणि तेथे तिला कोणी ओळखले नाही, तर काय घडते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

गोचीड हा कीटक नव्हे. कोळी आणि विंचू ज्या वर्गात येतात, त्याच वर्गातील तो प्राणी आहे. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लास सहा पाय असतात. एकदा रक्त पिऊन कात टाकली, की त्याच पिल्लास आठ पाय येतात; पुन्हा रक्त पिऊन कात टाकली, म्हणजे ते प्रौढ होते. गोचिडीला पंख नाहीत आणि तिला उडीही मारता येत नाही. गवताच्या पात्यावर चढून, पुढचे पाय पसरून, जवळून जाणाऱ्या प्राण्याची वाट पाहणे एवढेच बहुतेक जातींना साधते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गोचीड समुद्रापलीकडे गेली असेल, तर ती कोणाच्या तरी अंगावर बसूनच गेलेली असते. गुरांची वाहतूक, पाळीव प्राण्यांचा प्रवास आणि स्थलांतर करणारे पक्षी हीच तिची वाहने होत.

या बाबतीत अमेरिकेत घडलेले एक उदाहरण फार बोधप्रद आहे. न्यू जर्सी राज्यातील हंटरडन परगण्यात १ ऑगस्ट २०१७ रोजी एक मेंढीपालक स्त्री तेथील आरोग्य खात्याच्या कचेरीत आली. तिच्या मेंढीच्या अंगावर गोचिडी झाल्या होत्या आणि त्या कोणत्या, हे तिला जाणून घ्यावयाचे होते. मेंढीची लोकर कातरताना त्या गोचिडी तिच्या कपड्यांवरही चढल्या होत्या. कपड्यांवर एक हजाराहून अधिक पिल्ले निघाली. तपासणाऱ्यांना ही गोचीड त्या राज्यातील परिचित जातींपैकी कोणत्याही जातीशी जुळेना. तेव्हा नमुने रटगर्स विद्यापीठातील तज्ज्ञांकडे गेले, शरीररचनेबरोबरच जनुकद्रव्याचीही परीक्षा झाली, आणि ९ नोव्हेंबर २०१७ रोजी आयोवा राज्यातील एम्स येथील राष्ट्रीय पशुवैद्यक प्रयोगशाळेने निर्णय दिला. ही गोचीड जपान, कोरिया, चीन इत्यादी पूर्व आशियाई देशांतील होती. तिचे शास्त्रीय नाव हीमाफायसालिस लाँगिकॉर्निस, म्हणजे लांब शिंगाची. ती मेंढी मात्र कधीही परदेशी गेलेली नव्हती.

या गोचिडीचा एक विशेष असा, की तिच्या काही वंशांतील मादीला नराची गरजच नसते. एकटी मादी समागमावाचून सुमारे दोन हजारांपर्यंत अंडी घालू शकते. अर्थात एखाद्या कुत्र्याच्या अंगावरून आलेली एकच मादी नव्या मुलखात वसाहत करण्यास पुरेशी होते. म्हणूनच तिला लवकर ओळखणे महत्त्वाचे होते. आणि नेमके तेच घडले नव्हते. शोध लागल्यानंतर ठिकठिकाणच्या संग्रहांतील जुने नमुने पुन्हा तपासण्यात आले. तेव्हा वेस्ट व्हर्जिनियातील एका हरणावरून २०१० मध्ये, आणि न्यू जर्सीतील एका कुत्र्यावरून २०१३ मध्ये काढलेल्या गोचिडी याच जातीच्या असल्याचे आढळले. पुरावा सात वर्षे बाटलीत पडून होता, पण त्याचे खरे नाव कोणास ठाऊक नव्हते. या काळात गोचीड पसरत राहिली. २०१८ च्या अखेरीपर्यंत ती नऊ राज्यांत सापडली, आणि पुढे ती संख्या याच्या दुपटीच्या घरात गेली. गुरांच्या रक्तपेशी नष्ट करून त्यांना पंडुरोगी करणारा थायलेरिया नावाचा सूक्ष्म परोपजीवीही ती तेथे पसरवू लागली. पूर्व आशियात हीच गोचीड माणसांमध्ये एका घातक विषाणुज्वराचा प्रसार करते.

आता ओळख पटवावयाची ती कशी, हा प्रश्न येतो. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडीचा रंग आणि आकार हे दोन्ही फसवे असतात. तज्ज्ञ प्रथम तोंड पाहतात. या वंशातील गोचिडींचे मुखभाग आखूड असतात, पाठीवर नक्षी नसते आणि डोळेही नसतात. शरीराच्या मागील कडेवर झालरीसारखे खाचलेले अकरा भाग दिसतात. मुखाच्या दोन्ही बाजूंच्या स्पर्शकांवर मागे वळलेले टोकदार काटे असतात. ‘लांब शिंगाची’ हे नाव त्यांवरूनच पडले. त्वचेत रुतणाऱ्या सोंडेवर उलट्या दातांच्या उभ्या ओळी असतात. प्रौढ मादीत या ओळी मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूस पाच असतात. ही सर्व लक्षणे सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसतात. केवळ डोळ्यांनी पाहणाऱ्यास ती सामान्य तपकिरी गोचीडच वाटते.

दातांच्या ओळी मोजणे ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु भारतातील गुरांवर सर्वत्र आढळणारी ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही गोचीड पश्चिम आफ्रिकेत पोहोचल्याची पहिली नोंद २००७ मध्ये आयव्हरी कोस्टमधून झाली, तेथेही हेच लक्षण उपयोगी पडते. तिच्या दातांच्या ओळी प्रत्येक बाजूस चार, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या स्थानिक आफ्रिकी जातीच्या तीन असतात. आपल्या गोठ्यातील नेहमीची गोचीड अन्य देशात परकी ठरते, हे येथे ध्यानात घ्यावे. परकेपणा हा जीवाचा गुण नसून स्थळाचा संबंध आहे.

चुकीच्या नावाचा परिणाम किती काळ टिकतो, याचेही उदाहरण याच गोचिडीचे आहे. लांब शिंगाची गोचीड पूर्वीच ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे जाऊन स्थिरावली होती. तेथे कित्येक दशके तिला भारतात आढळणाऱ्या हीमाफायसालिस बायस्पायनोसा या तिच्या जवळच्या आप्ताचे नाव दिले जात होते. १९६८ मध्ये हॅरी हूगस्ट्राल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोहोंची तुलना करून या दोन जाती भिन्न असल्याचे दाखविले. तोपर्यंत एकीविषयीचे ज्ञान दुसरीच्या खात्यावर जमा होत होते.

महाराष्ट्रालाही या वंशाचा परिचय आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलातील माकडे मरू लागली व माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या तापाचा विषाणू शोधून काढला. त्याची मुख्य वाहक हीमाफायसालिस स्पायनिजेरा ही गोचीड होय. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हाच माकडताप प्रकट झाला. येथील गोचीड परदेशातून आलेली नाही. परंतु रोग नव्या गावी पोहोचला, की कोणत्या जातीची गोचीड कोठे आहे याची नोंदच वैद्यांच्या उपयोगी पडते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

मग प्राथमिक शिक्षकाने काय करावे? मुलांना गोचिडी गोळा करण्यास मुळीच पाठवू नये. गुराखी मुलास मात्र एवढे शिकवावे, की अंगाला चिकटलेली गोचीड बोटांनी चिरडू नये, तिच्यावर तेल ओतू नये किंवा पेटती काडी लावू नये. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून ती सरळ ओढून काढावी आणि जागा साबणाने धुवावी. पुढे ताप आल्यास डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. गोचीड नेहमीपेक्षा वेगळी दिसल्यास, ती आढळलेल्या प्राण्याला गावाबाहेरून नुकतेच आणलेले असल्यास, किंवा रानात माकडे मरून पडू लागल्यास, वडीलधाऱ्यांमार्फत पशुवैद्यकीय दवाखान्यास अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. मेलेल्या माकडाला कोणी हात लावू नये. तज्ज्ञांकडे पाठवावयाची गोचीड सत्तर टक्के अल्कोहोल असलेल्या बाटलीत ठेवावी. आत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, दिनांक, कोणत्या प्राण्यावर आढळली आणि कोणी काढली, या चार गोष्टी असाव्यात. २०१० मधील त्या हरणावरील गोचिडीला चुकून निराळे समजले गेले असेल, तरी तिच्याबरोबर स्थळ व काळ यांची नोंद होती. म्हणूनच सात वर्षांनंतर तिने साक्ष दिली.

निसर्गाच्या पाठात मुलांना नावे पाठ करावयास लावणे सोपे असते. ‘हे नेहमीचेच असेल’ असे न म्हणता दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतील भेद शोधावयास शिकविणे अधिक कठीण व अधिक मोलाचे आहे. हंटरडनच्या त्या मेंढीपालक स्त्रीने एवढेच केले, की न ओळखलेल्या वस्तूविषयी योग्य ठिकाणी जाऊन प्रश्न विचारला. तसे विचारण्याची सवय चौथीच्या वर्गात लागू शकते, आणि ती लावण्यास फळ्याखेरीज दुसरे साधन लागत नाही.