घरात घ्यायचा मॉनिटर
(उत्रोली, तालुका भोर येथील वाचन-वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण मॉनिटरविषयी बोलू. मॉनिटर म्हणजे संगणकाचा पडदा. आपल्यापैकी कोणाचा मुलगा कॉलेजात आहे, कोणाची सून एम.एस.सी.आय.टी. झाली आहे. पडदा घ्यायची वेळ आली की मुलगा म्हणतो, गेम खेळायला चांगला हवा. सून म्हणते, दुधाचा हिशेब लिहायला हवा. आणि पैसे? ते भात विकून आपण द्यायचे. साधा, बरा मॉनिटर सात ते दहा हजार रुपयांना पडतो. रक्कम काही लहान नाही. तेव्हा निवड एकट्या दुकानदारावर सोडू नये, आणि एकट्या मुलावरही सोडू नये. खोक्यावर छापलेले आता आपल्याला वाचता येते. मग वाचूया की!

खोक्यावर पहिला आकडा असतो इंचाचा. २४ इंची म्हणजे २४ इंच रुंद नव्हे बरं का. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजायचे. पट्टी लावून पाहा, ६१ सेंटिमीटर भरेल. रुंदी भरेल ५३.

दुसरा आकडा ठिपक्यांचा. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. १९२० गुणिले १०८० असे छापलेले असते. आडव्या ओळीत १९२० ठिपके, आणि अशा १०८० ओळी. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. याहून कमी ठिपक्यांचा मॉनिटर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असे आमचे मत आहे. आणि एक लक्षात ठेवा. पडदा २७ इंची घेतला तरी ठिपके तेवढेच राहतात, फक्त ते विरळ पडतात. मूठभर बियाणे मोठ्या वाफ्यात टाकावे तसे. २४ इंची पडद्यात एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, २७ इंचीत ८२च. म्हणजे जास्त पैसे देऊन अक्षर भरड झाले.

आपल्या मराठीला हे फार सोसत नाही. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार. सगळे थोड्या जागेत बसवायचे. ठिपके विरळ असले की अनुस्वार आहे की नाही तेच कळत नाही. आता सातबारा घ्या. तो आपण संगणकावर पाहतो. त्यात क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. ०.४१ आहे की ०.४९? मराठी १ आणि ९ अंधूक दिसले तर सारखेच वाटतात. फरक आहे ८ आरचा, म्हणजे जवळजवळ आठ गुंठ्यांचा. कागद मोठा करून पाहता येतो हे खरे. पण मग पान पुरते एका नजरेत मावत नाही, आणि वरचे नाव एकीकडे, आकडा दुसरीकडे होतो.

‘घरात टीव्ही आहे, तोच का जोडू नये?’ असे मावशी विचारतील. जोडता येतो. पण कमी किमतीच्या ३२ इंची टीव्हीत बहुधा १३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके असतात. सिनेमा चालेल. सातबारा नको.

आता पडद्याची जात. एलसीडीच्या आत एक पदार्थ असतो. तो पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे कण स्फटिकासारखे रांगेने उभे राहतात. १८८८ साली प्राग शहरात रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या तो ध्यानात आला, तोही गाजरातून काढलेल्या द्रव्यापासून काम करताना! मागे दिवा असतो. विजेने हे कण वळतात आणि उजेड सोडतात किंवा अडवतात. ते कसे उभे केले आहेत, त्यावरून तीन जाती झाल्या: टीएन, व्हीए आणि आयपीएस.

टीएन समोरून बरा दिसतो, पण खालून पाहिला की काळवंडतो. आपल्या घरात मॉनिटर टेबलावर, आणि पाहणारी माणसे खाली सतरंजीवर. तेव्हा आपल्याला टीएन नको. व्हीएमध्ये काळा रंग छान गडद येतो. पण स्वस्त व्हीएमध्ये गेममधली काळी वस्तू पळू लागली की मागे डाग ओढल्यासारखा दिसतो. आयपीएस कोठूनही पाहा, रंग फार बदलत नाही. अंधारात त्याचा काळा रंग थोडा राखाडी दिसतो, एवढीच उणीव. घरात एकच मॉनिटर सर्वांनी वापरायचा असेल तर आयपीएस घ्यावा.

आता मुलाचे म्हणणे ऐकू. त्याला हवे असतात हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात चित्र किती वेळा नवे होते तो आकडा. ६० हर्ट्झला हिशेब, अभ्यास, सिनेमा सगळे नीट चालते. १०० हर्ट्झला गेममधली धावपळ अधिक सफाईने दिसते. मुलगा खोटे बोलत नाही. आणि हल्ली १०० हर्ट्झचे मॉनिटर साध्या किमतीतही मिळतात. फार फरक नसेल तर द्यावेत पैसे. पण १४४ आणि १८० हर्ट्झच्या मागे लागण्याआधी त्याला विचारा, ‘आपला संगणक सेकंदाला तेवढी चित्रे काढतो का रे?’ बैल थकलेला असेल तर गाडी नवी घेऊन ती पळत नाही.

खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ असे मोठ्या अक्षरात असते. हे मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि कंपनी आपल्या सोयीची छापते. उजेडा-काळोखाच्या फरकाचा लाखांचा, कोटींचा आकडा असतो, तोही सोडून द्यावा. त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये.

घरून निघताना संगणकाच्या मागची भोके पाहून ठेवा. जुन्या संगणकाला निळ्या तोंडाची व्हीजीए तार लागते, नव्याला एचडीएमआय. मॉनिटरला तीच जागा हवी. आवाजाचा कर्णा सगळ्या मॉनिटरमध्ये नसतो, तेही विचारा.

खरेदीला भोरमध्ये पाहावे, नाहीतर एस.टी.ने स्वारगेटला उतरून बुधवार पेठेत तापकीर गल्ली गाठावी. दोन-तीन दुकानांत भाव विचारावा. मॉनिटर चालू करून दाखवा म्हणावे, लाजू नये. त्यावर मराठी मजकूर उघडायला सांगा. आधी उभे राहून वाचा, मग वाकून खालून पाहा. पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करायला सांगा. मेलेला ठिपका असला तर तेव्हाच दिसतो. हमी किती वर्षांची आहे आणि ती पडद्यालाही आहे का, हे विचारून पक्के बिल घ्या. बिलावर मॉनिटरचा नंबर लिहून घ्या. नंतर दुकानदार दाद देईना, तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी फोन आहे.

परत येताना खोके उभे धरा. आडवे ठेवून त्यावर पिशवी ठेवली तर काच दबते. घरी आल्यावर मुलाला सेटिंगमध्ये जाऊन १०० हर्ट्झ निवडायला सांगा, कारण पुष्कळदा संगणक आपला ६०वरच चालत राहतो. पुसायला मऊ, कोरडे फडके घ्या. पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करते, तेव्हा काम झाले की बटण बंद करा. असा मॉनिटर साधारण २५ वॅट वीज घेतो. ४० तास चालला तर एक युनिट होते.