आवाज तोच, चाल वेगळी



२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा सांगलीतल्या कितीतरी घरांचे खालचे मजले पाण्यात गेले. भांडी धुता आली, कपाटं पुन्हा घेता आली. कॅसेटींचं तसं नव्हतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, थोरल्या भावाच्या लग्नातली मंगलाष्टकं, हे सगळं घरात एकेकच. माळ्यावर होतं तेवढं वाचलं आणि लोक ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या मागे लागले. माझं साताऱ्यात टेप-रेडिओ दुरुस्तीचं काम. माझ्याकडेही पिशव्या भरून कॅसेटी येऊ लागल्या, आणि त्यांच्याबरोबर एक ठरलेली तक्रार : आवाज उतरला, पण माणूस ओळखू येत नाही.

सांगलीच्या एका बाईंचे वडील भजनी मंडळात गायचे. घरात त्यांना अण्णा म्हणत. भाच्यानं त्यांची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. बाई मला म्हणाल्या, "काका, हे अण्णा नव्हेत हो. कुणी पोरगा घाईघाईनं गातोय." भाच्यानं वेग कमी करून पाहिला होता. भजन संथ झालं, आवाज मात्र तसाच बारीक राहिला.

याचं कारण असं, की कॉम्प्युटरवर वेग बदलण्याचे दोन प्रकार असतात. एकात फक्त लय बदलते, पट्टी तीच राहते. दुसऱ्यात लय आणि पट्टी दोन्ही एकदम खाली-वर होतात, टेप किंवा तबकडी हळू फिरली की होतात तशी. ऑडॅसिटी नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये पहिल्याला 'टेम्पो' आणि दुसऱ्याला 'स्पीड' म्हणतात. आपल्याला हवा असतो दुसरा.

पण तिथेही लगेच हात घालू नये. बिघाड कुठे आहे ते आधी पाहावं. अण्णा काळी एकमध्ये गायचे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांची पेटी घरातच होती. पेटीशी ताडून पाहिलं तर कॉम्प्युटरवरचा सूर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे पडत होता, म्हणजे दीड पट्टी चढा. हा दीडचा आकडा ओळखीचा आहे. कॉम्प्युटर आवाजाची सेकंदाला हजारो वेळा नोंद घेतो. सीडीचं माप ४४,१०० नोंदींचं, व्हिडिओचं बहुधा ४८,००० चं. नोंदी पहिल्या मापानं घेतल्या आणि फाइलवर दुसरं माप लागलं, तर गाणं जवळजवळ नऊ टक्के जलद वाजतं. घड्याळ लावलं. टेपवर १० मिनिटं चालणारं भजन कॉम्प्युटरवर ९ मिनिटं ११ सेकंदांत संपत होतं. मग फक्त ते माप ४४,१०० करायचं होतं, आवाजाला हातही लावावा लागला नाही. बाई दोन ओळी ऐकून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आता खोकतील बघा." आणि अण्णा खोकले.

कॉम्प्युटरवर आणि टेपवर वेळ सारखीच येत असेल, तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. मग टेपरेकॉर्डर तपासायचा. जुना बेल्ट सैल पडला की आवाज जड होतो, लहरतो. रबरी रोलर मळला तरी तेच. विकतची एखादी कॅसेट लावून तेच गाणं सीडीवर ऐकावं, फरक लगेच कळतो. नवा बेल्ट फार महाग नसतो. तो न बदलता कॉम्प्युटरवर तासन्‌तास दुरुस्ती करत बसणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या चिकाटीला नमस्कार.

सगळ्यात अवघड दोष मूळ मुद्रणातला. पूर्वी जत्रेत सेलवरचा टेप नेऊन वग मुद्रित करत. सेल उतरले की मुद्रण करणारं यंत्र मंदावायचं, म्हणून आज तीच टेप चांगल्या यंत्रावर लावली की शेवटाकडे आवाज चढत जातो. तबकड्याही यातून सुटलेल्या नाहीत. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे मिरजेकडे जुन्या तबकड्यांचे शौकीन पुष्कळ. पण ७८ फेऱ्यांच्या म्हणवणाऱ्या सुरुवातीच्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्या नसत. त्यांवरून गवयाची पट्टी सांगताना जाणकारही जपून बोलतात.

म्हणून पहिली उतरवलेली फाइल दुरुस्ती न करता तशीच वेगळी ठेवा, आणि कॅसेट टाकू नका. पुरात भिजलेली असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय यंत्रात घालू नका.

सध्या माझ्याकडे वाईकडच्या एका जत्रेतली अशीच चढत जाणारी टेप आहे. ती तुकड्यातुकड्यानं खाली आणावी लागेल. पण किती खाली, हे पेटी कुठल्या पट्टीत वाजत होती ते कळल्याशिवाय ठरत नाही. त्या फडातले पेटीवाले अजून आहेत, वय झालंय. पुढच्या आठवड्यात टेप घेऊन त्यांच्याकडेच जाणार आहे.