मुलांचा फुटबॉल आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी सतरंज्या घालायला आणि चहा द्यायला असते. यंदा सेक्रेटरीबाईंनी बोलायलाच उभे केले. मला भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या. गेली तीन वर्षे आपण मंडळातर्फे चौथी ते सातवीच्या मुलामुलींचा फुटबॉल चालवतो. त्याची वही माझ्याकडे होती. आता ती माझ्याकडे नाही. का नाही, तेच आज सांगणार आहे.

आपल्या कोल्हापुरात फुटबॉलची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. ज्या तालमींत कुस्ती, त्याच तालमींचे फुटबॉलचे संघ. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातली पुरुषमाणसे जेवायला वेळेवर येत नाहीत, हे आपणां सर्वांच्या अनुभवाचे आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली आणि आपल्या देशाच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. तेव्हापासून तर आमच्या गल्लीतली एकही भिंत चेंडूच्या डागांवाचून राहिली नाही. पण खेळत ते मुलगे. मुली दारात उभ्या राहून बघत, नाहीतर गटारात गेलेला चेंडू काढून देत. म्हणून आपण ठरवले, की मुलगे आणि मुली एकत्र खेळतील आणि जो येईल तो खेळेल. कोणाला 'तुला येत नाही' म्हणून परत पाठवायचे नाही.

शिकवायला पेठेतलेच एक जुने खेळाडू आले. मुले त्यांना सर म्हणतात. मी मदतीला उभी राहू लागले आणि मलाच शिकायला मिळाले. मला आपला चेंडू तो चेंडू वाटे. पण या वयाच्या मुलांसाठी चार नंबरचा चेंडू असतो. त्याचा घेर ६३ ते ६६ सेंटिमीटर, मोठ्यांच्या पाच नंबरच्या चेंडूपेक्षा लहान आणि हलका. मैदानही लहान घ्यायचे आणि अकरांऐवजी सात-सात खेळवायचे, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. डोक्याने चेंडू मारायला सर या मुलांना शिकवत नाहीत. इंग्लंडमध्येही २०२० सालापासून प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावात ते बंद ठेवावे असे ठरले आहे. हे ऐकून आम्हा आयांचा जीव जरा भांड्यात पडला.

आता वहीचे. एका बाजूला चौदा मुले आली तर सात आत आणि सात बाहेर. सामना अर्ध्या तासाचा. दर पाच मिनिटांनी बदल केला की प्रत्येकाला पंधरा मिनिटे मिळतात. बाहेर आलेले मूल पुन्हा आत जाऊ शकते. हे गणित मला सोपे गेले. भाकऱ्या सात आणि खाणारी तोंडे चौदा असली तर आपण काय करतो? कोणाला उपाशी ठेवत नाही, अर्धी अर्धी देतो. तसेच हे. कोण केव्हा आत, कोण केव्हा बाहेर, हे मी वहीत मांडून ठेवी. मुले त्याला 'नंबर' म्हणत. सरही माझी वही बघूनच बदल करीत.

गेल्या डिसेंबरात शेजारच्या पेठेतल्या मुलांशी सामना ठेवला होता. तुमच्यापैकी पुष्कळजणी आल्या होत्या. बरोबरी झाली होती आणि शेवटची पाच मिनिटे उरली होती. वहीप्रमाणे माझा धाकटा बाहेर यायचा होता आणि सातवीतली एक मुलगी आत जायची होती. ती बिचारी अंगाने बारीक, फार पळणारी नव्हे. मंडळाच्या पेटीतले जुने बूट तिला मोठे होत, म्हणून पुढे चिंध्या कोंबून घाली. ती नाड्या आवळून रेषेपाशी येऊन उभी राहिली होती.

सरांनी माझ्याकडे पाहिले. मागून आपल्यापैकीच कोणीतरी ओरडले, "आता बदलू नका हो!" आणि भगिनींनो, मी वहीचे पान उलटले. सरांना म्हटले, "आता बदल नाही."

आपण जिंकलो. मुलांनी उड्या मारल्या, आपण साखर वाटली. ती मुलगी नाड्या सोडत बसली होती, हे मी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. रात्री जेवताना धाकटा म्हणाला, "आई, तिचा नंबर होता की." मी त्याला "जेव मुकाट्याने" म्हटले. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी मी तिच्या घरी गेले. तिची आई खानावळींना भाकऱ्या करून देते. संध्याकाळी पाच ते आठ तव्यासमोरून उठता येत नाही. म्हणून तिने मुलीचा खेळ कधी पाहिलाच नव्हता. मला पाट देऊन ती म्हणाली, "पोरीला खेळता येत न्हाई, म्हणूनच बाहेर ठिवली असंल न्हवं? बरं झालं. आता सातवी हाय तिची. माझ्या हाताखाली येईल."

त्या माउलीने माझ्यावर आरोप केला नाही, हेच मला जास्त लागले. मी पाच मिनिटे वाचवली आणि तिच्या घरात त्याचा अर्थ असा झाला, की ही मुलगी मैदानाच्या कामाची नाही. मी तिथेच सांगितले, "तिला येत नाही म्हणून नव्हे. नंबर तिचाच होता. मी माझ्या मुलासाठी तो खाल्ला." मुलगी परातीतले पीठ मळत होती. तिने मान वर करून एवढेच विचारले, "वहीत माझं नाव होतं ना मावशी?" मी म्हटले, "होतं."

सरांनी एकदा मुलांना सांगितले होते, की इंग्लंडात १९२० साली लिव्हरपूलला बायकांचा फुटबॉल बघायला पन्नास हजारांवर माणसे जमली होती. पण दुसऱ्याच वर्षी तिथल्या फुटबॉलच्या संस्थेने हा खेळ बायकांना योग्य नाही असे म्हणून आपल्या क्लबांना सांगितले, की त्यांना मैदाने देऊ नका. ती बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. तेव्हा मी मनात त्या साहेबांना नावे ठेवली होती. पण मुलीला मैदानाबाहेर ठेवायला मोठा हुकूम कशाला लागतो? वहीचे एक पान उलटले की झाले.

त्यानंतर आपण दोन बदल केले. ज्या बाईचे मूल खेळते तिने वही धरायची नाही, म्हणून ती आता दुसऱ्या दोघींकडे आहे. आणि खेळाची वेळ रविवारी सकाळी सातची केली. त्यामुळे ती मुलगी पुन्हा येऊ लागली. एका रविवारी तिची आईही येऊन भिंतीपाशी उभी राहिली होती. मुलगी अजून फार पळत नाही. पण चेंडू कोणाकडे द्यावा हे तिला चांगले कळते, असे सर म्हणतात.

आता माझे मागणे. येत्या जूनमध्ये ती आठवीत जाईल आणि आपला नियम सातवीपर्यंतचा. सातवीनंतर मुलग्यांना तालमींचे संघ आहेत. मुलींना पुढे घरच. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात झाली, नवी मुंबईला आणि मडगावलाही सामने झाले. तिथवर पोचलेल्या मुली सातवीनंतर घरी बसलेल्या नसणार. आपल्या सगळ्याच मुली तिथे जातील असे मी म्हणत नाही. पण मीही सातवीनंतर घरी बसले. त्या वेळी, 'हिचे पुढे काय' असे कोणी विचारले नाही. निदान आपल्या मंडळाने ते विचारावे. सातवी झालेल्या मुलींसाठी रविवारी आणखी एक तास ठेवावा. खर्च म्हणाल तर चार बुटांचे जोड आणि एक मोठा चेंडू. त्यासाठी यंदाच्या हळदीकुंकवाचे वाण जरा साधे केले तरी भागेल.

आणि सामन्याला येणाऱ्या आयांना एक विनंती. ओरडायचे तर सगळ्यांच्या मुलांसाठी ओरडा. बदल करू नका असे मात्र कोणी म्हणू नका. ते ऐकणारी बाई माझ्यासारखी कच्ची असू शकते.

एवढे बोलून मी आपली रजा घेते. चहा निवला असेल, तो बघते.