कुलूप आहे, पण घर कोणाचे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



भिलाईत माझी सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. पैची चूक माझ्या नजरेतून सुटत नाही, असा लौकिक होता. तोच मी गेल्या वर्षी घरबसल्या अठरा हजार रुपये घालवून बसलो.

कार्ड चालेना म्हणून इंटरनेटवर बँकेचे पान शोधले. सर्वांत वर आले ते उघडले. तेच बोधचिन्ह, तोच रंग, पत्त्याशेजारी कुलूपही! कुलूप दिसले की निर्धास्त, असे आपल्याला वर्षानुवर्षे शिकवलेले. मी कार्डाचा नंबर भरला, मोबाइलवर आलेला ओटीपीही भरला.

मागाहून मुलीने समजावले. कुलुपाचा अर्थ एवढाच, की वाटेत आपला मजकूर कोणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसले आहे, ते कुलूप सांगत नाही. चोरही आपल्या दाराला कुलूप लावतोच! हा गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधले ते चिन्ह बदलले.

मग ओळखावे कसे? पत्ता आपल्या नावासारखा वाचावा. आधी नाव, शेवटी आडनाव. 'एचटीटीपीएस' सोडून पुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधीचे शब्द म्हणजे आडनाव. माझ्या पानावर बँकेचे नाव सुरुवातीला होते, आडनाव भलतेच. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हे आडनाव ठरवून दिले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ते घ्यायला सांगितले. ते पाहावे. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो, ही खरी अडचण. म्हणून शोधत बसूच नये. कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा.

पण माझी मोठी चूक वेगळीच. लाजेपोटी दोन दिवस मी सौ.लाही सांगितले नाही. १९३० वर तेव्हाच फोन केला असता, तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता आले असते कदाचित. दोन दिवसांनी ते कुठल्या कुठे गेले होते.

तरुण मंडळींना विनंती, "एवढेही कळत नाही?" असे घरातल्या वडीलधाऱ्यांना म्हणू नका. त्या एका वाक्याच्या भीतीने माणूस गप्प बसतो, आणि चोराला हवा असतो तो वेळ मिळतो. आधी फोन लावा, बोलणी नंतर.

गणपती बाप्पा मोरया!