कर्त्या माणसाच्या पश्चात: ठेवी, कर्ज आणि गहाण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक आणि ज्येष्ठांचा सत्कार यांच्या मध्ये माझ्या भाषणाचा विषय छापलेला पाहून काही मंडळींनी नाके मुरडली असतील, तर त्यांना मी दोष देणार नाही. घरातील माणूस गेल्यावर त्याच्या बँकेतील पैशाचे आणि त्याने काढलेल्या कर्जाचे काय करावे, ही गोष्ट मंगल प्रसंगी काढू नये असा आपल्याकडे संकेत आहे. परंतु बँकेच्या नोकरीत उभी हयात गेल्यामुळे मला एक गोष्ट ठाऊक आहे. शुभ दिवशी टाळलेला हा विषय अशुभ दिवशी काढावाच लागतो, आणि त्या दिवशी तो नीट ऐकून घेण्याच्या स्थितीत घरात कोणी नसते. यास्तव अध्यक्षांच्या अनुज्ञेने आजच तो काढतो.

प्रथम अगदी सुरुवातीच्या दिवसांविषयी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. त्या दाखल्याच्या एकदोन नव्हे, चांगल्या आठदहा प्रती घेऊन ठेवाव्यात, कारण प्रत्येक कचेरीत एक लागते. त्यानंतर कपाटातील पासबुके, ठेवींच्या पावत्या, विम्याचे कागद व कर्जाची पत्रे एकत्र करावीत. पासबुक नुसते शिल्लक पाहून मिटू नये, त्यातील नोंदी वाचाव्यात. वर्षाकाठी एकदा ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची वर्गणी असते व वारसास २ लाख रुपये मिळण्याचा संभव असतो. २० रुपयांची नोंद असेल आणि मृत्यू अपघाती असेल, तर सुरक्षा विम्याचीही चौकशी करावी. या दोन्ही योजना २०१५ सालच्या आहेत. तरीही हा पैसा कित्येक घरांत कोणी मागतच नाही, कारण मृताने घरी सांगितलेले नसते.

येथेच एक इशारा देतो. एटीएम कार्डाचा गुप्त आकडा मुलाला ठाऊक असतो आणि दिवसकार्याच्या खर्चासाठी म्हणून तो वडिलांच्या खात्यातून पैसे काढतो. हेतू वाईट नसतो, परंतु खातेदाराच्या मृत्यूबरोबर त्याच्या वतीने व्यवहार करण्याचा इतरांचा अधिकार संपतो. मुखत्यारपत्रसुद्धा त्या क्षणापासून निरुपयोगी होते. पुढे भावंडांत हिशेब निघतो तेव्हा हीच रक्कम प्रथम डोळ्यांत खुपते. खाते पतिपत्नीच्या संयुक्त नावाने असून त्यावर ‘कोणीही एक किंवा हयात असेल तो’ अशी सूचना असेल, तर मात्र हयात व्यक्ती बँकेस कळवून तो पैसा रीतसर घेऊ शकते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या समाजात ‘वारस’ आणि ‘नॉमिनी’ हे दोन शब्द एकाच अर्थी वापरले जातात. ते एक नाहीत. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत हे ठरविणारे नाव. त्याच्या हाती पैसे दिले की बँक मोकळी होते. पण तो पैसा कोणाचा, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरविते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने बँकेतील ठेवीच्या एका खटल्यात हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. शेअर्सविषयी तोच निर्णय डिसेंबर २०२३ मध्ये झाला.

उदाहरण घेऊ. एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली आणि वृद्ध मातोश्री आहेत. स्वकष्टार्जित १० लाखांची ठेव असून नॉमिनी मुलगा आहे. बँक १० लाख मुलाच्या हाती देईल आणि ते योग्यच आहे. परंतु १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ही पाचही माणसे पहिल्या वर्गाचे वारस असून प्रत्येकाचा वाटा सारखा आहे. म्हणजे मुलाचे स्वतःचे २ लाख, आणि उरलेले ८ लाख त्याच्याजवळ इतरांची ठेव म्हणून आहेत. मुलींची लग्ने झाली, अर्थात त्यांचा हिस्सा संपला, असे समजणारी मंडळी अजून भेटतात. आणि मातोश्रींची तर कोणालाच आठवण राहत नाही! सुनेला वाटा, नातवंडांना वाटा, आणि जिने पुत्र गमावला तिला मात्र एक खोली आणि दोन वेळचे जेवण. कायदा तिला पत्नीच्याच पंक्तीस बसवितो, ही गोष्ट येथे जमलेल्या चिरंजीवांनी ध्यानात ठेवावी.

म्हणून नॉमिनेशन करू नये काय? अवश्य करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीस चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. हिस्से ठरवून एकाच वेळी देता येतात, किंवा एकामागून एक अशा क्रमाने देता येतात. लॉकरसाठी मात्र क्रमवारीचीच सोय आहे. नॉमिनी असला की बँक त्याच्याकडे वारसा प्रमाणपत्र किंवा हमीपत्र मागत नाही. मागणीचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि स्वतःची ओळख एवढ्यावर काम होते. ज्या खात्यास नाव नाही त्यासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले व अंमलबजावणीस ३१ मार्च २०२६ ही मुदत दिली. त्यानुसार १५ लाखांपर्यंतची, व सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतची, मागणी सोप्या रीतीने निकालात काढावयाची आहे. त्याहून मोठ्या रकमेस न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र किंवा तत्सम भक्कम पुरावा लागू शकतो. सर्व कागद पोचल्यावर १५ दिवसांत निर्णय व्हावा आणि बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास तिने व्याज भरावे, असेही त्यात आहे. म्हणून कागद देताना पोच घेण्यास विसरू नये. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजावयाचे कोठून?

सोप्या रीतीत पैसे न घेणाऱ्या वारसांचे नाहरकतपत्र लागते. माहेरी दुःखाला आलेल्या बहिणीपुढे असा कागद ठेवून ‘ताई, बँकेला हवी म्हणून सही कर’ असे म्हटले जाते. ती सही पैसे भावाच्या हाती देण्यापुरती आहे की स्वतःचा हक्क सोडण्याची आहे, हे तिने वाचून पाहिले पाहिजे. आणि भावानेही ते तिला वाचून दाखविले पाहिजे. हक्क सोडावयाचा असेल तर तिने आनंदाने सोडावा, पण कशावर पाणी सोडते हे तिला कळलेले असावे.

येथवर घेण्याची गोष्ट झाली. देण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तेथे भीती आणि धर्मबुद्धी दोन्ही काम करतात. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, न फेडल्यास बापाला गती नाही, अशी आपली पूर्वापार समजूत. जुन्या मुंबई इलाख्यात तर बापाकडून कवडी मिळाली नसली तरी मुलास कर्जास जबाबदार धरले जाई. सावकारीच्या त्या काळात कित्येक घराणी यापायी बुडाली. अखेर १८६६ साली मुंबई सरकारने कायदा करून वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरती मर्यादित केली. २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जांस तर ‘पुत्राचे पवित्र कर्तव्य’ एवढ्याच कारणावरून मुलावर दावा चालत नाही. स्वेच्छेने पितृऋण फेडणाऱ्याविषयी मला आदरच आहे. मात्र ते कर्तव्य समजून फेडणे वेगळे आणि वसुलीच्या धाकाने फेडणे वेगळे.

आपल्याच एका सभासद कुटुंबातील हकीकत नावगाव वगळून सांगतो. पती वारले. पतसंस्थेचे सुमारे ४ लाखांचे विनातारण कर्ज मागे राहिले, आणि मिळकत म्हणाल तर एक जुनी स्कूटर. पत्नी शाळेत शिक्षिका. तिने कर्जपत्रावर कोठेही सही केलेली नव्हती, म्हणजे तिच्या पगारास कोणी हात लावू शकत नव्हते. परंतु दहाव्याच्या आदल्या दिवशी दोन गृहस्थ घरी आले आणि ‘खाते नियमित करण्याकरिता’ म्हणून तिच्याकडून एक कागद सही करून घेऊन गेले. तो कागद तिच्या स्वतःच्या नावे नव्या कर्जाचा होता. तो पुढे वाचून दाखविला गेला तेव्हा तिचे हप्ते सुरू होऊन वर्ष झाले होते. भगिनींनो, सुतकात कोणत्याही कागदावर सही करू नका. ‘दिवस होऊ देत, मग वाचून सांगते’ एवढे म्हणण्याने कोणताही कायदा मोडत नाही.

मात्र तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून पूर्वीच सही केलेली असेल, तर संपूर्ण कर्जास तुम्ही जबाबदार आहात. घराच्या कर्जात पतिपत्नी बहुधा दोघेही सहकर्जदार असतात. तेव्हा मूळ कर्जपत्र काढून आपली सही कोणत्या नात्याने आहे, हे प्रथम पाहावे.

गहाण असलेल्या घराचे असे आहे की, माणूस गेला तरी गहाण जात नाही. घर वारसांना मिळते, पण बोजासकट मिळते. समजा घर ४० लाखांचे आहे व कर्ज १८ लाख शिल्लक आहे. वारस हप्ते चालू ठेवू शकतात, कर्ज आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज देऊ शकतात, किंवा बँकेच्या संमतीने घर विकून कर्ज वारून उरलेले वाटून घेऊ शकतात. कर्ज फेडून घर सोडविण्याचा मृताचा हक्क वारसांकडे चालत येतो. उलट घराचे १५ लाखच आले, तर उरलेले ३ लाख मृताच्या अन्य मिळकतीतून मागता येतील, वारसाच्या स्वतःच्या कमाईतून नव्हे. आणि पतीने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नीमुलांसाठी विमा उतरविला असेल, तर त्या पैशावर सावकाराचा हक्क पोचत नाही. तरुण मंडळींनी विमा घेतानाच हे विचारावे, मागाहून ते जमत नाही.

एक व्यावहारिक अडचण पुष्कळांस ठाऊक नसते. हप्ता मृताच्या खात्यातून आपोआप वजा होत असतो. बँकेस मृत्यू कळताच ते खाते थांबते, हप्ताही थांबतो, व्याज मात्र थांबत नाही. ९० दिवस थकल्यावर कर्ज अनुत्पादक ठरते आणि २००२ च्या कायद्याने ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. म्हणून मृत्यूची वर्दी देतानाच पुढील हप्ता कोणत्या खात्यातून जाईल, हे लेखी ठरवून घ्यावे. त्याच वेळी कर्जासोबत कर्जदाराचा विमा उतरविला होता काय, हेही विचारावे. असल्यास बरेचसे कर्ज विमा कंपनीच फेडते. असा विमा असूनही घरच्यांनी हप्ते भरत राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

शेतजमिनीविषयी थोडक्यात सांगतो. सातबारावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असला तरी वारसनोंद अडत नाही. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. कर्ज फिटल्यावर बोजा कमी करण्याचा अर्जही आठवणीने द्यावा, तो कोणी आपण होऊन देत नाही. शहरातील घराच्या बाबतीत, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ दस्त परत मिळाले पाहिजेत, नाहीतर दररोज ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कर्जदार हयात नसेल तर ते वारसांना कसे द्यावयाचे, याची पद्धतही प्रत्येक बँकेने ठरवून जाहीर करावयाची आहे.

ज्यांच्या घरी जुन्या पावत्या सापडल्या आहेत त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. दहा वर्षे न मागितलेली ठेव बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तथापि वारसाचा हक्क बुडत नाही. मागणी मूळ बँकेकडेच करावयाची असते. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ आहे. नातवंडांस सांगितल्यास ती घरबसल्या पाहून देतील.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. ज्यांनी आपले कागद बरोबर आणले आहेत त्यांच्यासाठी भोजनोत्तर मी मंडपाच्या डाव्या बाजूस, पुस्तकविक्रीच्या टेबलाशेजारी बसतो. चष्मा बरोबर आहे.